उजव्या दाढेचा मान

पवनचक्कीच्या मनोऱ्यावर काम करताना म्हाळसा शेंडगेच्या डोक्यात देव बसला. खंडोबाचा वारही नव्हता तो. साधा मंगळवार होता.

आधी उजव्या कानशिलात ठणका उठला. मग डोळ्यामागं कुणीतरी पहार ठोकतंय असं वाटायला लागलं. मग पोटात ढवळून आलं, हातातला पाना सुटून खाली गेला आणि पाठोपाठ म्हाळसाही गेली असती. कमरेचा पट्टा अडकवलेला होता म्हणून पोरगी वाचली. जोडीदारानं तिला कसंबसं खाली उतरवलं. तो बिचारा विदर्भातला, नवीन. त्यानं विचारलं, "ताई, डोकं दुखून राहिलं का?"

"न्हाई," म्हाळसा डोळे मिटूनच म्हणाली, "देव बसलाय."

आता बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, तेव्हा सांगायलाच हवं. माळशिंगी हे पठारावरचं गाव. गावाला एसटी विजेवर धावायला लागून जमाना झाला, मेंढरांच्या गळ्यात माग काढणारे पट्टे आले, पठारभर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पण चंपाषष्ठीचा खांडा जसा होता तसाच राहिला. खांडा म्हणजे भिंतीवर टांगायची शोभेची तलवार नव्हे. तो देवळातून ओट्यावर आणायला दोन दांडगे गडी लागतात. आणि असा खांडा एकट्यानं, हात न लावता, दातांनी उचलायचा आणि ढोल थांबेपर्यंत धरायचा, ही माळशिंगीची रीत. मूठ हळदीच्या फडक्यात गुंडाळायची आणि उजव्या दाढेत पकडायची. उजव्याच. डाव्या हातानं कुणी देवाला नैवेद्य दाखवतं का? मग डावी दाढ तरी कशी चालेल?

आणि खांडा उचलायचा कुणी, तर ज्याच्या डोक्यात देव बसतो त्यानं. दर चंपाषष्ठीला आधीचा खांडेकरी नव्याच्या ओंजळीत भंडारा घालतो आणि सगळ्या गावासमोर विचारतो, "देव बसला का?" नवा म्हणतो, "बसला!" की ढोल सुरू. भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची माळशिंगीत कुणाची छाती नाही. कोर्टात शपथेवर खोटं बोललेले लोक गावात आहेत, त्यांची नावंही सगळ्यांना ठाऊक आहेत. पण भंडाऱ्यावर? छे!

म्हाळसाचा बाप बिरुदेव शेंडगे, खालच्या आळीचा नामांकित खांडेकरी. त्याच्या डोक्यात देव असा बसायचा की दार लावून, अंधार करून तो भिंतीला टेकून पडायचा आणि माणसं दाराबाहेरूनच पाया पडून जायची. मुलगा नव्हता. म्हाळसा लहानपणी बापाचं बघून दुधाची किटली दातानं उचलून अंगणभर फिरायची, तेव्हा सगळे हसायचे. पुढं बिरुदेवाची मान धरली, खांडा उचलवेना, आणि पोरगी म्हणाली, "आबा, मी उचलते." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. बाईमाणसानं खांडा उचलायचा? ग्रामसभा तीन सांजा भांडली. आणि ऐन भांडणात म्हाळसाच्या उजव्या कानशिलात ठणका उठला, ती देवळाच्या पायरीवरच आडवी झाली. म्हाताऱ्या गुरवांनी तिच्या कपाळी भंडारा लावला. "देवानंच निवडली. आता आपन कोन?" झालं, सगळ्यांची तोंडं बंद.

म्हणजे बघा, म्हाळसाच्या मानाचा सगळा डोलारा त्या ठणक्यावर उभा होता. ठणका गेला तर खांडाही जाणार. आणि खालच्या आळीत दुसरा कुणी नव्हता, तेव्हा मान जाणार तो वरच्या आळीला, दादासो हाकेच्या घरी. दादासोची मान रेड्यासारखी आणि आवाजही तसाच. तो वाटच बघत होता.

पण पवनचक्कीच्या कंपनीला खंडोबाशी काय देणंघेणं? साहेब म्हणाला, डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय मनोऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

तालुक्याच्या गावी डॉक्टर तस्नीम बागवान जबड्याच्या सांध्याचं काम बघायच्या. बाई बोलायला गोड, पण प्रश्न विचारायला लागल्या की फौजदार. बिरुदेव लेकीबरोबर आला होता, तो कोपऱ्यातल्या खुर्चीत पटका मांडीवर ठेवून बसला.

"सराव करतेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"करते की. वाळूचं पोतं उचलते."

"कधी कधी?"

"रोज."

"कुठल्या दातांनी?"

"उजव्या दाढेनं."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटल्या. मग त्यांनी एक पट्टी काढली. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, खालच्या दातांवर चिकटून बसणारी. हल्लीच आलेली वस्तू. चावताना पडणाऱ्या दाबातूनच ती स्वतःपुरती वीज तयार करते, कुठल्या दातावर किती भार येतोय ते टिपते आणि संगणकाला कळवते. संगणक त्यावरून त्या माणसाच्या जबड्याचा हुबेहूब जुळा पडद्यावर उभा करतो. खरा जबडा हलला की तोही हलतो. खरा दुखावला की तो तिथं लाल होतो. आठवडाभर पट्टी घालून म्हाळसा बापाबरोबर परत आली, तेव्हा तिचा जुळा उजव्या बाजूनं मिरचीसारखा लाल झाला होता.

"हे बघ," डॉक्टर म्हणाल्या, "कानाच्या पुढं बोट ठेव. तोंड उघड, मीट. हलतोय ना? तो जबड्याचा सांधा. आत कूर्चेची एक छोटी चकती असते, गादीसारखी. तुझी उजवीकडची चकती पुढं सरकलीय. आता हे कानशील. इथं पंख्यासारखा पसरलेला स्नायू आहे, तो खाली जबड्याला बांधलेला आहे. तू दात आवळलेस की तो ओढला जातो. दाढा वरखाली नीट टेकत नसतील, एकीकडंच भार पडत असेल, तर त्याला सुट्टीच मिळत नाही."

"पण मला दाढ दुखत न्हाई, मॅडम. डोकंच…" म्हाळसा अडखळली. बाप मागं बसला होता. "डोक्यातच व्हतं काय ते."

"तीच तर गंमत आहे. दात, जबडा, कानशील, डोळ्यामागची जागा, सगळ्यांची खबर मेंदूकडं एकाच मज्जातंतूनं जाते. तीन घरांना एकच फ्यूज असल्यासारखं. फ्यूज उडाला एवढं कळतं, बिघाड कुणाच्या घरात ते कळत नाही. सगळीच डोकेदुखी जबड्याची नसते, हे लक्षात ठेव. लोक उगाच दाढा घासून घ्यायला धावतात. पण तुझी आहे. हा बघ पुरावा." त्यांनी पडद्यावर रात्रीचा भाग लावला. झोपलेल्या म्हाळसाचा जबडा करकचून आवळला जात होता, सुटत होता, पुन्हा आवळला जात होता. "देवळातला खांडा तू वर्षातून एकदा उचलतेस. झोपेत रोज उचलतेस."

म्हाळसा बघतच राहिली. आपलंच तोंड आपल्याला न विचारता रात्रभर राबतंय, याचा तिला आधी राग आला आणि मग कीव आली.

उपाय त्याच पट्टीत होता. जबडा आवळला की पट्टी कानामागच्या एका मण्याला सांगायची आणि मणी हाडातून अगदी हलकेच गुणगुणायचा. झोप मोडायची नाही, पण मेंदू हळूहळू शिकायचा की आवळू नये. शिवाय पट्टी जागोजाग कडक-मऊ होऊन दोन्हीकडचा भार सारखा करायची.

"आणि डॉक्टर म्हणून माझं मत विचारशील तर दातानं काही म्हणजे काही उचलू नकोस," बागवान बाई म्हणाल्या.

"ते व्हायचं न्हाई, मॅडम."

"मला वाटलंच. मग निदान एवढं कर." त्यांनी जुळ्याच्या तोंडात एक दांडी दिली, आधी उजव्या दाढेत. सांधा भडकला. मग आडवी, दोन्हीकडच्या दाढांत, घोड्याच्या तोंडात लगाम असतो तशी. लाल रंग ओसरला. "भार वाटला गेला की मान आणि पाठ तो घेतात. एकट्या सांध्याच्या डोक्यावर बसत नाही."

मग त्या बिरुदेवाकडं वळल्या. मघाशी तो चहाबरोबर खारी खाताना त्याच्या जबड्याचा आवाज त्यांनी टेबलापलीकडून ऐकला होता. "बाबा, तुम्ही या जरा. तोंड उघडा."

"माझं तोंड कशाला? बैल इकत घेताय का दात बघून?" बिरुदेवानं पटका चढवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

ठणका एका दिवसात गेला नाही. आधी त्याची धार कमी झाली. मग तो दारातून डोकावून परत जायला लागला. आणि डॉक्टरांचा दाखला मिळाल्यावर एक दिवस म्हाळसा मनोऱ्याच्या टोकावर उभी असताना तिच्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत तिनं कानशिलाला हातच लावलेला नाही. वारा भणाणत होता, खाली गाव, देऊळ, मेंढरं. डोकं असं हलकं की जणू नवं. ती एकटीच मोठ्यानं हसली. आणि दुसऱ्याच क्षणी तिला चंपाषष्ठी आठवली आणि हसू ओठांवरच राहिलं.

घरात तिनं काही सांगितलं नाही. पण बापाचं लक्ष होतं.

"दिवाळी झाली," एके दिवशी जेवताना तो म्हणाला. "दोन अवसा गेल्या. देव बसला न्हाई तुझ्या डोक्यात."

"न्हाई बसला, आबा."

"कवापास्नं?"

"पट्टी घातल्यापास्नं कमी हुत गेलं. आता कायबी न्हाई."

बिरुदेवानं हातातली भाकरी खाली ठेवली. "मग गावापुढं काय सांगशील?"

'एक शब्द तर आहे, बसला म्हणून टाक,' हे त्याच्या तोंडापर्यंत आलं असेल, पण बिरुदेव शेंडगेला ते बोलवलं नाही. भंडाऱ्यावर खोटं बोल असं लेकीला सांगण्यापेक्षा त्यानं जीभ छाटून घेतली असती.

"पट्टी काढ," तो शेवटी म्हणाला. "दुखणं येऊ दे. मग खरंच बसला म्हणशील. खोटं हुनार न्हाई."

"दुखंल की, आबा."

"दुखू दे! मला दुखलं न्हाई? ह्यो मान काय फुकट मिळतुय? आळीची पोरंसोरं ताठ मानंनं हिंडत्यात ती कुनाच्या जिवावर?"

इतका वेळ चुलीपाशी बसलेली सुरेखा, म्हाळसाची आई, तेव्हा बोलली. ती कधी फार बोलत नसे, पण बोलली की तुकडाच पाडायची. "तुमचा देव बसला की गाव दाराबाहेरनं पाया पडून जायचं. तुमच्या उलटीची घमेली मी उचलायची. मला इचारा की तो कोन हुता ते."

बिरुदेवाचा चेहरा एकदम पडला. बायकोकडं, मग लेकीकडं बघत तो म्हणाला, "मग मी एवढी वर्सं सोसलं ते काय हुतं गं? चकती सरकली हुती नुस्ती? खुळा हुतो व्हय मी?"

बापावर म्हाळसाचा फार जीव होता. पोतं कसं धरायचं, श्वास कुठं सोडायचा, टाच कशी रोवायची, सगळं त्यानंच शिकवलेलं. गावात तिच्यासाठी भांडताना त्यानं स्वतःच्या सख्ख्या भावाशी बोलणं तोडलं होतं. अशा माणसाला तू उगाच सोसलंस, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिनं पट्टी काढली.

मेंढवाड्यामागं वाळूचं पोतं होतंच. तिनं दोर उजव्या दाढेत धरला, पोतं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. पहिल्या दिवशी काही नाही. झोपताना मणी गुणगुणला नाही आणि जबडा मोकाट सुटला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला, अगदी जुन्या ओळखीच्या पाहुण्यासारखा, चपला न काढता थेट आत. तिनं खोलीत अंधार केला आणि ती भिंतीला टेकून पडली.

बिरुदेव धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद म्हाळसानं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ओंजळीत भंडारा होता. "बसला! बसला गं माझे बाय!" असं म्हणत तो वाकला आणि रीतीप्रमाणं त्यानं लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं.

म्हाळसाला ते सोसवेना. डोक्यातल्या ठणक्यापेक्षा ते वाईट होतं. तिनं पाय ओढून घेतले.

"पाया पडू नका, आबा. ह्यो देव न्हाई. म्या आनलाय त्येला. तीन दिस पोतं उचलून उचलून आनलाय. आता बसा हितं. त्यो जातुय कसा ते बी बगा."

तिनं चाचपडत पट्टी घेतली आणि दातांवर बसवली, मणी कानामागं लावला. बाप दाराला पाठ लावून बसला. मणी गुणगुणत होता, तिचा जबडा सैल पडत होता, पुन्हा आवळत होता, पुन्हा सैल पडत होता. उन्हं कलली तेव्हा तिनं डोळे उघडले, उठून खिडकी उघडली आणि ती तांब्याभर पाणी प्याली.

"गेला?" बिरुदेवानं विचारलं.

"गेला. देव असता तर माझ्या इच्छेनं आला-गेला असता व्हय? आबा, देवाला बसायला अख्खा डोंगर हाय. त्यो माझ्या कानशिलात अंग चोरून कशाला बसंल?" मग ती त्याच्यासमोर बसली. त्याचा राकट हात तिनं हातात घेतला आणि त्याचंच बोट त्याच्या उजव्या कानापुढं टेकवलं. "उघडा तोंड."

कट्.

"मिटा."

कट्.

"तुमी सोसलं ते खरं हाय. माझ्यापरीस लय जास्त सोसलं. खुळं म्हनंल त्याची जीभ हासडीन मी. पर ते दुखनं हुतं, आबा."

बिरुदेवानं पुन्हा तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. तिनं हात काढून घेतला तरी त्याचं बोट तिथंच होतं.

"चंपाषष्ठीला तुमी इचारा," म्हाळसा म्हणाली. "मी न्हाई म्हननार. भंडाऱ्यावर खोटं बोलायची न्हाई आन् दुखनं मुद्दाम आनायची न्हाई. मान गेला तर जाऊ दे वरच्या आळीला. पर हिसकून न्हेलं म्हनून जाईल, मी हारले म्हनून न्हाई."

तो उठून मेंढरांकडं निघून गेला. त्यानंतर चंपाषष्ठीपर्यंत त्यानं खांड्याचं नावही काढलं नाही, आणि सुरेखानं दोनदा विषय काढला तेव्हा दोन्ही वेळा त्याला मेंढरं आठवली.

चंपाषष्ठीला पठार पिवळंधमक झालं. भंडारा हवेत, केसांत, चहाच्या कपांत. आकाशात बातम्यांवाल्यांचे उडते कॅमेरे माश्यांसारखे घोंगावत होते. खालची आळी एका बाजूला, वरची दुसऱ्या बाजूला, मधे ओट्यावर खांडा. गडी तो ठेवून घाम पुसत बाजूला झाले. वरच्या आळीपुढं दादासो हाके उभा होता. त्याचं तोंड फिकं पडलं होतं, कानशिलाला फडकं करकचून बांधलं होतं. त्याच्या डोक्यात आज देव बसलेला होता, हे सांगायला नको. त्याची माणसं खुशीत होती. शेंडगेंच्या पोरीचं दुखणं डॉक्टरनं काढून टाकलंय, ही बातमी गावात कधीच फुटली होती. माळशिंगीत बातमीला एसटी लागत नाही.

म्हाळसा ओट्यावर चढली. हिरवं लुगडं तिनं काष्टा मारून नेसलं होतं. मनोऱ्यावर चढताना जी छाती धडधडत नाही ती आता धडधडत होती. खालच्या आळीच्या बाया एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. आपण नाही म्हणालो की या सगळ्यांच्या माना खाली जाणार, हे तिला दिसत होतं. तरी तिचं ठरलं होतं.

बिरुदेव पुढं आला. पटका नवा, पण पाऊल जड. त्यानं तिच्या ओंजळीत भंडारा घातला. ढोलवाल्यांनी टिपऱ्या वर धरल्या. एवढा गाव, पण सगळं चिडीचूप.

बिरुदेव लेकीच्या तोंडाकडं बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला की गुरव खाकरले.

"पोरी," तो म्हणाला, "दुखतंय का?"

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग एकदम गलका उठला. वरच्या आळीतून कुणीतरी ओरडलं, "सवाल असा न्हाई!" म्हातारे गुरव पुढं सरसावले. "अरं बिरुदेवा, सवाल चुकला. देव बसला का, असं इचार."

"सवाल इचारायचा मान कुनाचा?" बिरुदेव वळला. वय झालं होतं, मान धरली होती, पण आवाज जुन्या खांडेकऱ्याचाच होता. "माझा का तुमचा? पस्तीस वर्सं दार लावून पडलोय मी त्या सवालापायी. दुखत हुतं मला. दुखत हुतं! एकानं तरी इचारलं का, बिरू, दुखतंय का म्हनून? पाया पडून जात हुतासा. आता मी इचारतुय माझ्या लेकीला, आन् तिच्या हातात भंडारा हाय." तो पुन्हा तिच्याकडं वळला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. "सांग, पोरी. दुखतंय का?"

म्हाळसानं ओंजळ कपाळाला लावली.

"न्हाई, आबा. कायबी दुखत न्हाई."

"मग उचल."

गुरवांनी दादासोकडं बघितलं. दादासोनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ठणक्यानं ते तसंच मिटलं आणि तो कानशील दाबत खाली बसला. तेवढ्यात सुरेखानं मुठीनं भंडारा उधळला. "येळकोट येळकोट!" आणि खालच्या आळीच्या साऱ्या बायांनी मिळून उत्तर दिलं, "जय मल्हार!" ढोल सुरू झाला. एकदा सुरू झालेला ढोल खांडा वर गेल्याशिवाय थांबवायचा नाही, ही रीत. हे गुरवांनाही ठाऊक होतं. ते मुकाट मागं सरले.

म्हाळसानं पट्टी काढून आईच्या हातात दिली. आज जबडा तिचा एकटीचा. ती खांड्यासमोर बसली आणि हळदीच्या फडक्यातली मूठ तिनं आडवी धरली, दोन्हीकडच्या दाढांत. पुन्हा गलका झाला, "डावी दाढ! डावी दाढ लावली!" तिला तो लांबून ऐकू आला. टाचा रोवल्या. बापानं शिकवलेला श्वास घेतला. मान सरळ, पाठ सरळ, आणि ती उठायला लागली.

जड होता. बाई गं, किती जड होता! दाढांपासून खांद्यांपर्यंत, खांद्यांपासून कमरेपर्यंत सगळं अंग ताणलं गेलं. तिनं कानशिलाची वाट पाहिली. सवयच होती ती, पहार कधी ठोकली जाते याची वाट बघायची. पण तिथं काही नव्हतं. नुसतं वजन होतं, आणि ते तिला पेलत होतं. गुडघे सरळ झाले. खांड्याचं पातं ओट्यावरून सुटलं, हललं आणि उन्हात चमकलं. म्हाळसा शेंडगे गावासमोर ताठ उभी राहिली. याआधी ती खांडा धरायची तेव्हा तिचे डोळे गच्च मिटलेले असत. आज ते उघडे होते आणि तिला सगळं दिसत होतं. पवनचक्क्या, मेंढरं, आईच्या डोळ्यांतलं पाणी, आणि ओट्याच्या कडेवर दोन्ही हात वर करून उभा असलेला बाप.

"बगा!" बिरुदेव वरच्या आळीकडं, खालच्या आळीकडं, उडत्या कॅमेऱ्यांकडं, दिसेल त्याच्याकडं वळून ओरडत होता. त्याचा पटका सुटून खांद्यावर आला होता. "बगा तिच्या तोंडाकडं! माझी लेक हाय ती! दुखत न्हाई तिला! कायबी दुखत न्हाई तिला!"